पाच सवाष्णी आणि एक मुसळ

बालाघाटच्या त्या वॉर्डात लग्न ठरलं की लोक आधी हॉल बघतात, मग जेवणाचा ठेका देतात, मग पार्लरवालीची तारीख घेतात, आणि हळदीला चार दिवस उरले की घरातल्या कोणत्या तरी म्हातारीला आठवतं, की बाई, मुसळ? मुसळ कोणाकडेच नसतं. उखळ तर नसतंच नसतं. पाट असतो, तो प्लायवूडचा. त्यावर नवरदेव बसला की पाट असा कण्हतो, की पाहुण्यांना वाटावं नवरदेवाचीच तब्येत बरी नाही. मग कोणीतरी म्हणतं, पुष्पलताबाईकडे जा. खरं भांडण इथून सुरू होतं, कारण पुष्पलताबाईंकडून वस्तू आणायला सगळे तयार असतात, परत द्यायला जायची मात्र कोणाची छाती होत नाही.

परत द्यायला आलेल्या माणसाला पुष्पलताबाई बस म्हणत नाहीत. आधी वस्तू हातात घेतात, उजेडाकडे तिरकी धरतात, अंगठा फिरवतात आणि मग चक्क वास घेतात. वास घेताना त्यांचा चेहरा असा होतो, की समोरच्याने न केलेल्या गुन्ह्याचीही कबुली द्यावी.

"याच्यावर सुरी चालवली का वं?"

"नाई काकू, पोळपाट आहे न तो. पोळ्याच केल्या."

"मंग ह्या रेघा काय मुंग्याईनं काढल्या?"

समोरची बाई थोडा वेळ मुंग्यांच्या बाजूने विचार करून बघते आणि मग बर्फी कापल्याचं कबूल करते.

लोकांनी आपल्या लाकडांवर काय काय अत्याचार केले याची यादी पुष्पलताबाईंना तोंडपाठ आहे आणि ती त्या कोणालाही न विचारता ऐकवतात. एका घराने काठवट साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवली, का, तर म्हणे स्वच्छ करून द्यावी म्हटलं. ती तळाशी तडकून परत आली. एका घराने ताकाची मोठी रवी नेली आणि तिने अंगणातली डुकरं हाकलली. एका निवृत्त मास्तरांनी चार पाट मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर वाळत घातले. ते परत आले तेव्हा त्यांच्यावर बसलेला माणूस शेजारणीच्या मांडीवर घरंगळला असता. मास्तर म्हणाले, "थोडासा बेंड आलाय." पुष्पलताबाई म्हणाल्या, "मास्तर, थोडासा बेंड तुमच्या कमरेत आहे. याचा तर मुडदाच पडला."

तरी त्या देतात. शिव्या देतात आणि वस्तूही देतात. यामागे मोठं मन वगैरे असेल असं कोणी समजू नये. वस्तू कोणी नेलीच नाही तर वर्षभर बोलायला विषय काय राहील, हे एक कारण. दुसरं कारण त्या सांगत नाहीत. वस्तू मागायला आलेली लग्नाघरची माणसं दारात दोन घटका थांबतात, चहा घेतात, गुडघ्याचं दुखणं विचारतात. एरवी कोण येतं? आठ वर्षांपूर्वी त्यांचे यजमान हेमराजभाऊ गेले, आणि तेव्हापासून वॉर्डातल्या प्रत्येक शुभकार्यात पुष्पलताबाईंचं लाकूड पुढे आणि पुष्पलताबाई मागे, अशी व्यवस्था लागून गेली आहे. ही व्यवस्था कोणी ठरवली विचाराल तर कोणीच नाही. अशा गोष्टी कोणीच ठरवत नाही, फक्त सगळे पाळतात.

हेमराजभाऊ लाकडाच्या डेपोत मोजणीला होते. आयुष्यभर दुसऱ्यांचे सागवानी ओंडके मोजले, घरी मात्र वडिलांनी वाकसाने तासून घडवलेल्या वस्तू होत्या तेवढ्याच जपल्या. खैराचं मुसळ, बीजाच्या झाडाच्या बुंध्यातून कोरलेलं उखळ, दोन काठवटी, सहा पाट, पोळपाट, रव्या, पळ्या. माणूस बोलायला कमी, पण लाकडाचा विषय निघाला की थांबत नसे. लग्नानंतर पहिल्या वर्षी त्यांनी बायकोला साडी आणली नाही, जवसाच्या तेलाची बाटली आणली. पुष्पलताबाई तीन दिवस बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी ते तेल काठवटीला लावलं, आणि तेव्हापासून लावतायत.

त्यांचे नियम साधे आहेत आणि वॉर्डात एकालाही पाळता येत नाहीत. लाकूड बुडवायचं नाही. कणीक सुकली असेल तर लाकडी उलथन्याने खरवडायची, मग तांदळाचा कोंडा घेऊन कोरडंच घासायचं. वास येत असेल तर मीठ टाकून अर्ध्या लिंबाने चोळायचं, ओल्या फडक्याने पुसायचं आणि सावलीत, काठावर उभं करून ठेवायचं, म्हणजे दोन्ही अंगांनी सारखं सुकतं. पालथं घातलं की एक बाजू ओली राहते आणि वस्तू वाकते. पूर्ण सुकलं की कोमट जवसाचं तेल, तेही थेंबाथेंबाने. दुसऱ्या दिवशी वरचं तेल पुसून टाकायचं. शेंगदाण्याचं तेल लावणाऱ्या बायकांचा उल्लेख पुष्पलताबाई 'त्या चिकट बाया' असा करतात, कारण ते तेल सुकत नाही, धूळ धरतं आणि महिन्याभरात खवट वास मारतं. जवस सुकतं. लाकडाच्या आत जाऊन बसतं. खैरलांजीकडचा एक ओळखीचा माणूस घाण्यावरचं तेल आणून देतो, आणि बाटलीचं बूच उघडून पुष्पलताबाई त्याचाही वास घेतात. तो बिचारा तेवढा वेळ श्वास रोखून उभा असतो.

तर अशा या पुष्पलताबाईंच्या घरातच लग्न निघालं.

घर एकच होतं, अंगण एकच, चुली दोन. पलीकडच्या चुलीवर धाकटा दीर प्रेमलाल, त्याची बायको मंजू आणि त्यांची एकुलती एक मुलगी श्रुतिका. पुष्पलताबाईंना मूल नाही. श्रुतिका लहानपणी दोन्ही चुलींवर जेवायची, पण झोपायची मोठ्या आईपाशी. पाढे तिथेच शिकली, वेण्या तिथेच घातल्या, गोंदियाचा मुलगा आवडला हेही आधी तिथेच सांगितलं. या मुलीला पहिली हळद आपल्या हाताने लावावी, एवढीच एक गोष्ट पुष्पलताबाईंना हवी होती. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, पण त्यांना ते फार हवं होतं. रात्रंदिवस डोक्यात तेच. वॉर्डभर मागे उभं राहून झालं होतं, निदान आपल्या अंगणात तरी पुढे व्हावं असं वाटत होतं.

मंजू गोड बोलायची. तिचं बोलणं ऐकलं की मधुमेह होईल असं पुष्पलताबाईंचं मत होतं. ती एका दुपारी येऊन म्हणाली, "बाई, मुसळ-उखळ तुमच्याशिवाय कोणाले जमते? असं चमकवून द्या का फोटोत दिसलं पाह्यजे. श्रुतिकाची विलेज थीम आहे न."

"काय आहे?"

"विलेज थीम. म्हंजे गावासारखं."

पुष्पलताबाईंनी अंगणात पाहिलं. आपल्या बाजूचं कवेलूचं कौलारू छप्पर, तुळस, मागे गोठ्याची भिंत. आणखी किती गावासारखं पाहिजे, हे त्यांना कळेना.

"हळद कोण कुटन मंग?" त्यांनी जमेल तेवढ्या सहजपणे विचारलं.

"लांजीवाली शांतामावशी येऊन राह्यली न. ते सांगन तसं करू," मंजू म्हणाली आणि तिला एकदम गॅसवरचं दूध आठवलं.

पुष्पलताबाई कामाला लागल्या. पंधरा दिवस त्या मुसळाशी बोलत होत्या म्हटलं तरी चालेल. मागच्या लग्नात कोणीतरी त्याच्यावर सोनेरी ऑइलपेंट मारला होता, तो काचेच्या तुकड्याने खरवडला. लाकडाच्या रेघेच्या दिशेने, एका हाताने दाबून, सावकाश. मग बारीक पॉलिश पेपर, मग कोंडा, मग तेल. एक दिवस तेल, एक दिवस विश्रांती. टोकाला लोखंडी कडं होतं, त्याचा गंज चिंचेने काढला. उखळाच्या तळाशी अडकलेला जुन्या हळदीचा थर खोबऱ्याच्या करवंटीने खरडला. शेवटी मुसळ असं झालं, की त्यावरून हात फिरवताना हात थांबू नये. खैराचा तो लालसर रंग बघून पुष्पलताबाईंना भरून आलं, आणि भरून आलं म्हणून त्यांना स्वतःचाच राग आला.

हळदीला पाच दिवस असताना मुसळ पलीकडे मंजूकडे गेलं. सजावटवाला पवन बघायला आला होता. काळ्या टी-शर्टातला, कानात यंत्र अडकवलेला मुलगा. त्याने मुसळ बघून तोंड वाकडं केलं. "आंटी, ये तो बहोत रॉ लग रहा है. इसको थोड़ा लेस-वेस लगाके ग्लॅम करना पड़ेगा." पुष्पलताबाईंनी त्याच्याकडे पोळपाटावरच्या रेघांकडे बघावं तसं बघितलं. पण मुसळ आता त्यांच्या हातात नव्हतं.

त्याच दिवशी लांजीच्या बसने शांताबाई उतरल्या. शांताबाई म्हणजे मंजूची मावशी आणि या बाजूच्या पाच-पन्नास घरांतलं विधींचं सर्वोच्च न्यायालय. कोणत्या हाताने काय धरायचं, कोणाची सावली कशावर पडू द्यायची नाही, हे सगळं त्यांना ठाऊक. हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत, कुंकू रुपयाएवढं. त्यांचे यजमान गेली वीस वर्षं दुर्गला दुसऱ्या बाईसोबत संसार करतात, तिकडे त्यांना तीन मुलं आहेत आणि शांताबाईंकडे ते दिवाळीलाही फिरकत नाहीत. पण जिवंत आहेत. त्यामुळे शांताबाई सवाष्ण.

"मुसळाले कोणाचा हात लागला?" त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

मंजूने आवाज खाली करून सांगितलं. शांताबाईंनी डोळे मिटले. अपील नाही, असा तो डोळे मिटण्याचा प्रकार होता.

"एक दिवसरात पाण्यात बुडवून ठेव. गंगाजल टाक. मंग दोन दिवस कडक उन्हात राहू दे. त्याबिगर शुद्ध होत नाई."

मग प्रेमलालच्या बाजूच्या स्लॅबच्या गच्चीवर निळ्या ड्रममध्ये मुसळ उभं बुडवलं गेलं. ड्रम दोनशे लिटरचा. त्यात कोणीतरी प्रयागहून आणलेल्या लोटीतलं गंगाजल दोन चमचे पडलं, बाकीचं पाणी नगरपालिकेचं. एवढ्यावर आठ वर्षांचं वैधव्य धुऊन निघतं असं शास्त्र असेल तर ते शास्त्र फारच स्वस्त आहे, पण आपण कोण बोलणारे?

पुष्पलताबाईंना हे सांगायला कोणीच आलं नाही. आला तो प्रेमलाल, आणि तो वेगळंच सांगायला आला. दारात उभा राहून त्याने आधी उन्हाळा फार आहे म्हटलं, मग बोअरचं पाणी खाली गेलं म्हटलं, मग म्हणाला, "वहिनी, हळदीच्या दिवशी मागच्या खोलीत भांडे सांभाळाले कोणी भरवशाचं पाह्यजे होतं."

"मी?"

"मले असं काही वाटत नाई हं. पण बायका म्हणते."

प्रेमलालला स्वतःला जन्मात कधी काही वाटलं नव्हतं. त्याचं सगळं बायकांनाच वाटत असे. पुष्पलताबाईंनी त्याला 'हौ' म्हटलं आणि दार लोटलं. मग त्या पाटावर बसल्या आणि रडल्या. बराच वेळ रडल्या. या वयात, या कारणासाठी आपण रडतो आहोत याची त्यांना लाज वाटली, तरी रडणं थांबेना.

हळदीच्या आदल्या दिवशी दुपारी त्या पापड काढायला गच्चीवर गेल्या. कठड्याला टेकून मुसळ उभं होतं, भर वैशाखाच्या उन्हात. त्याचा लाल रंग उडून राखेसारखा झाला होता. पुष्पलताबाईंना आधी वाटलं दुसऱ्याच कोणाचं मुसळ आहे. त्यांनी हात लावला. लाकडाचे तंतू उभे राहिले होते, बोटाला टोचत होते. शेजारी ड्रम होता, त्यातलं पाणी पिवळट लाल झालं होतं. वास घ्यायची गरजच नव्हती. लाकूड पाणी प्यायलं, फुगलं, लोखंडी कड्याच्या आत चेंगरलं, आणि आता उन्हाने आकसून पहिल्याहून बारीक झालं. त्यांनी कड्यावर अंगठा ठेवून हलकेच दाबलं. कडं जरासं हललं.

त्या जिन्याकडे वळल्या. सांगायला पाहिजे होतं. दोन तासांचं काम होतं, कडं काढून नीट बसवलं असतं तर उद्या काही अडलं नसतं. त्या पाच पायऱ्या उतरल्यासुद्धा. खालून शांताबाईंचा आवाज आला, "आता कुठं ते मुसळ हात लावाच्या लायक झालं वं."

पुष्पलताबाई सहाव्या पायरीवर थांबल्या. चांगल्या बाईने तरीही सांगितलं असतं. पण पुष्पलताबाई चांगल्या बाई आहेत असं आपण कुठेही म्हटलेलं नाही. त्या पापडाची परात घेऊन आपल्या घरात गेल्या आणि त्यांनी स्वतःसाठी कडक चहा केला.

हळदीचा मुहूर्त सकाळी साडेदहा ते अकरा दहा. अंगणात पवनने गाव उभं केलं होतं. खऱ्या तुळशीच्या समोर प्लास्टिकची तुळस, खऱ्या भिंतीवर गवताची चटई, आणि एक भाड्याची बैलगाडी, जिच्यात बसून पोरी रील काढत होत्या. मुसळाला वरपासून खालपर्यंत सोनेरी लेस गुंडाळली होती, कड्यावर आरसे चिकटवले होते. श्रुतिका पिवळ्या साडीत पाटावर बसली होती आणि सारखी मागच्या खोलीच्या दाराकडे बघत होती. उखळात पाण्यात भिजवलेली सव्वा पाव हळकुंडं होती. बाकीची हळद पॅकेटची, परातीत तयार. कुटलेली त्यात शास्त्रापुरती कालवायची होती.

पाच सवाष्णी पुढे आल्या. शांताबाई, मंजू आणि नात्यातल्या तिघी. पाच जणींनी मुसळ धरलं म्हणजे पाच जणींनी ते पाच दिशांना ओढलं. गाणं कोणालाच येत नव्हतं, म्हणून पवनने स्पीकर लावला. मुसळ वर गेलं, खाली आलं. पुन्हा वर गेलं, पण कडं वर गेलंच नाही. ते लेस आणि आरशांसकट उखळात हळकुंडांवर बसून राहिलं, आणि उघडं लाकूड त्याच्यावर आदळून मोठा आवाज झाला.

"आंटी लोग, एक मिनट, ये वाला फिर से लेते हैं," पवन म्हणाला.

पण आंटी लोकांचे चेहरे उतरले होते. हळदीच्या पहिल्या ठोक्याला मुसळ तुटलं. शांताबाईंनी मुसळ एकदम सोडलं, मंजूने कडं उपसायला उखळात हात घातला. गोंदियाहून नवरदेवाची आत्या व्हिडिओ कॉलवर होती, ती "क्या हुआ, क्या गिरा?" असं विचारत राहिली आणि कोणीतरी फोन उपडा केला. वॉर्डात दुसरं मुसळ नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. एका वहिनीने मिक्सर सुचवला. शांताबाईंनी त्यावर खरोखर विचार केला.

"मिक्सरले पाच जणींचा हात कसा लागन?"

"एकेकजण एकेकदा बटन दाबू."

"अन् लाईन गेली तं?"

मग श्रुतिका पाटावरून बोलली. आवाज चढवला नाही. "मोठी आईले बोलवा. नाईतर मी इथून उठून जाते, सांगून ठेवते."

प्रेमलाल धावला. मागच्या खोलीत पुष्पलताबाई शंभर वाट्या मोजून त्यांचे दहा-दहाचे ढीग लावत होत्या. आवाज त्यांनी ऐकला होता. मुहूर्त श्रुतिकाचा होता, शांताबाईंचा नव्हता, हे त्यांच्या आत्ता ध्यानात येत होतं.

"वहिनी, मुसळाचं कडं निघालं."

"मंग मी काय करू? मी भांडे पाहून राह्यली."

"चाला न. वेळ चालला."

"मी आली तं चालन का? विचारून या."

प्रेमलाल गेला आणि परत आला. "चालते म्हणते."

"कोण म्हणते?"

"शांतामावशी."

"मंग त्यायले येऊ द्या सांगाले."

इथे प्रेमलालच्या आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःला काहीतरी वाटलं असावं, कारण तो तडक गेला आणि शांताबाईंना घेऊनच आला. शांताबाई उंबऱ्याच्या बाहेर उभ्या राहिल्या. घड्याळ अकराला पाच कमी दाखवत होतं. त्यांनी दोनदा घसा साफ केला.

"ये न वं बाई. पोरगी बसली आहे."

पुष्पलताबाई उठल्या. अंगणात जाऊन त्या उखळापाशी मांडी घालून बसल्या आणि मुसळ आडवं मांडीवर घेतलं. लेस नखाने ओरबाडून काढली, आरसे काढले. पवन "आंटी, ग्लू गन से लगाया है" म्हणाला, त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. कड्याखाली गुंडाळायला चिंधी पाहिजे होती. कोणीतरी मंडपाची पिवळी पट्टी फाडून दिली. त्यांनी ती बोटांत चोळली आणि फेकून दिली, नायलॉन घसरतं. मग आपल्या नेसत्या सुती लुगड्याच्या काठाला दात लावला आणि बोटभर रुंद पट्टी फाडली. ती पाण्यात बुडवून लाकडाच्या टोकाला दोन वेढे घट्ट दिले, वरून कडं चढवलं आणि वरवंट्याने चहूबाजूंनी ठोकलं. पाच मिनिटं लागली. विधवेच्या लुगड्याची पट्टी हळदीच्या मुसळात गेली, हे पन्नास डोळ्यांनी बघितलं आणि एकाही तोंडाने त्यावर ब्र काढला नाही, कारण मुहूर्त संपायला दहा मिनिटं उरली होती.

"दे आता," शांताबाईंनी हात पुढे केला.

"कडं बसलं नाई अजून. ठोके दिल्याबिगर बसत नाई. पाच जणींनी वाकडं ओढलं तं पुन्हा निघन." एवढं बोलून पुष्पलताबाईंनी पदर खोचला आणि मुसळ उचललं.

एक ठोका पडला. सरळ, उखळाच्या मधोमध. दुसरा. तिसरा. हळकुंडं फुटली, ओल्या हळदीचा वास अंगणभर सुटला. पाच ठोके झाले.

"झालं न?" शांताबाई म्हणाल्या.

"नाई बसलं."

दहा झाले. "आता?"

"अजून ढिलं आहे."

कडं चौथ्या ठोक्यालाच बसलं होतं. पण लाकडातलं त्या अंगणात दुसऱ्या कोणाला काय कळत होतं? आठ वर्षं वस्तू नेल्या, परत आणल्या, कोणी एकदा विचारलं नव्हतं की बाई, हे कसं करतात. आता विचारायला तोंड नव्हतं. पुष्पलताबाई कुटत राहिल्या. घाम डोळ्यांत गेला, गुडघा ठणकू लागला, पण त्या थांबल्या नाहीत. त्यांना राग आला होता आणि आनंदही झाला होता, आणि दोन्ही एकाच मुसळाखाली कुटले जात होते. श्रुतिका तोंडावर हात ठेवून बघत होती. ती हसत होती की रडत होती, ते तिलाही सांगता आलं नसतं.

सव्वा पाव हळकुंडांचा पार लगदा झाला. पुष्पलताबाईंनी तो हाताने उखळातून काढला, एक कणही न ठेवता, आणि वाटीत भरून पॅकेटच्या हळदीत ओतला. मग मुसळ शांताबाईंच्या हातात दिलं.

"घ्या. आता बसलं."

अकरा वाजून सात मिनिटं झाली होती. पाच सवाष्णींनी मुसळ धरलं आणि रिकाम्या उखळात पाच ठोके दिले. पवनने ते तीन बाजूंनी टिपलं.

परात पाटापाशी आली. शांताबाईंनी परातीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि चार बोटं हळदीत बुडवली. श्रुतिकाने तोंड मागे घेतलं.

"पहिले मोठी आई."

मंजूने मान खाली घातली होती. पुष्पलताबाईंचे हात मनगटापर्यंत पिवळे होते. त्यांना वाटलं, दोन पावलं पुढे जावं आणि दोन्ही हातांनी त्या पोरीचा चेहरा धरावा. मग त्यांनी ते हात लुगड्याला पुसले.

"लावू दे त्यायले," त्या म्हणाल्या. "माझ्याच हातची लावून राह्यले ते."

शांताबाईंची बोटं तेव्हा परातीतच होती.